दोन सुयांची शिवण

धाकटीने बोक्याच्या मानेभोवती दोरा गुंडाळला आणि जिथे दोन टोके भेटली तिथे नखाने चिमटा घेतला. बोका खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला होता. हा सगळा खटाटोप आपल्या सत्कारासाठी चालला आहे असे त्याला वाटत असावे. त्याने डोळे मिटून मान आणखी वर केली.

“मोज,” धाकटी म्हणाली.

थोरलीने दोरा मोजपट्टीला लावला. “साडेतेवीस.”

“साडेतेवीस काय?”

“मैल.”

“बघा बाबा. दिवसभर प्रयोगशाळेत मुक्यानं काम करते आणि सगळा खवटपणा घरी घेऊन येते.”

बाबा वर्तमानपत्रामागे हसले. त्यांचे हसणे आता फक्त खांद्यांत उरले होते.

येत्या गुरुवारी धाकटी दोन वर्षांसाठी परदेशातल्या एका शाळेत भूगोल शिकवायला जाणार होती. आठ वर्षे तिच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिलेला हा करडा बोका आता ताईकडे आणि बाबांकडे राहायचा होता. त्याचे नाव फौजदार. इथे आल्यापासून तीन दिवसांत त्याची गल्लीतल्या एकूण एक भिंतीवरून गस्त घालून झाली होती, त्यामुळे नाव बदलायचे काही कारण उरले नव्हते.

“हे बघा, हा दुकानातला.” धाकटीने पिशवीतून एक लाल पट्टा काढून बाबांच्या मांडीवर ठेवला. “याची खिट्टी बघा. जरा ओढलं की टकन सुटते. सहा महिन्यांत तीन हरवले त्यानं. मी दुकानदाराला विचारलं, तर म्हणतो, मुद्दाम तशी केलीय. मुद्दाम सुटणारा पट्टा! मग घालायचा कशाला?”

“दुकान चालायला,” बाबा म्हणाले.

“तेच! तुम्ही तुमच्या हातानं एक करून द्या मला. ठिपकीला केला होतात ना, अगदी तसा. दोन सुयांचा.”

थोरलीने मोजपट्टी पुन्हा दोऱ्याला लावली. मोजून तर झाले होते.

बाबांनी लाल पट्टा उचलला, खिट्टी दोन-तीनदा उघडली, मिटली. मग मान वर न करता म्हणाले, “करू की.”

तळमजल्यावरची ही खोली म्हणजे पूर्वीचे दुकान. बाबा चामड्याचे काम करीत. घोड्यांचे लगाम, शाळेची दप्तरे, डॉक्टरांच्या पेट्या, मोजणीदारांच्या दुर्बिणींची घरे. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी हातात काम घेतले नव्हते. दुकानाच्या पुढच्या भागात आता त्यांचा पलंग होता, पण खिडकीखालचे लांब टेबल कोणी हलवले नव्हते. त्याच्यावरच्या भिंतीत भोके पाडायची आरी, चामडे कापायची रापी आणि लाकडी हातोडी आपापल्या खिळ्यांना टांगलेल्या होत्या. पावसाळी हवेत त्या भिंतीला अजून मेणाचा आणि तेलाचा वास यायचा.

दोन सुयांची शिवण ही बाबांची शान होती. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोन सुया घालायच्या आणि मेण लावलेला दोरा करकचून ओढायचा. एक दोरा झिजला, अगदी कापला गेला, तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनची शिवण एका ठिकाणी उसवली की पळत सुटते. ही जागची हलत नाही. एखाद्या गिऱ्हाइकाने शंका काढलीच, तर बाबा तयार पट्टा छताच्या तुळईतल्या हुकाला अडकवायचे, दोन्ही हातांनी धरायचे आणि पाय वर घ्यायचे. ऐंशी किलोंचा माणूस हवेत हलकेच गोल फिरायचा. “अजून जेवलो नाहीये,” ते वरून सांगायचे. “जेवून लटकलो तरी तुटणार नाही.” दोघी मुली ते शंभरदा ऐकून शंभरदा हसायच्या. कातड्याच्या तुकड्यांच्या ढिगावर झोपलेली घरची मांजर, ठिपकी, तेवढी डोळा उघडून बघायची आणि पुन्हा मिटायची.

स्वयंपाकघरात थोरलीने चहाचे आधण ठेवले. धाकटी ओट्याला टेकून उभी राहिली.

“घरात घाल हवा तर,” थोरली म्हणाली. “बाहेर सोडताना नको.”

“घरात कशाला? घरात हरवणार आहे का तो?”

“कातडीखाली चिप बसवतात हल्ली. तांदळाच्या दाण्याएवढी असते. मी घेऊन जाते त्याला डॉक्टरकडे.”

“ती काय शेजारच्यांना वाचता येते? बिल्ल्यावर तुझा नंबर दिसला की माणूस सरळ फोन करतो. तुझ्या प्रयोगशाळेत बिनचिठ्ठीची बाटली ठेवतेस का कधी?”

“बाटली कुंपणावरून उड्या मारत नाही.”

“मांजरं पडत नाहीत गं ताई.”

“पडत नाहीत. अडकतात.”

धाकटीने तिच्याकडे पाहिले. “तू कधी पाहिलंस?”

थोरलीने गॅस बारीक केला. “वाचलंय.”

“तुझं काय, गारांनी माणसं दगावतात हेही वाचलेलं असतं.” धाकटीने बशीतले बिस्कीट उचलले आणि न खाता पुन्हा ठेवले. “हे बघ, मी तिकडे असताना एक दिवस तुझा फोन येणार की फौजदार दोन दिवस आला नाही. मग मी काय करायचं? तिथल्या नकाशावर शोधू त्याला? ठिपकी गेली तेव्हा मी दोन महिने दारात बशी ठेवत होते, आठवतं?”

“आठवतं.”

“बाबा म्हणाले, ती दूधगाडीवाल्याबरोबर गेली. त्याच्याकडे उंदीर फार झालेत, आणि माझ्याएवढी एक मुलगी पण आहे. त्या मुलीचा मला इतका राग यायचा! अजून येतो थोडा. पण एक बरं वाटायचं. गळ्यात पट्टा होता, बाबांनी केलेला. मनात म्हणायचे, पट्टा आहे तोवर मांजर आपलंच आहे. त्या मुलीला रोज दिसत असेल, हे दुसऱ्या कुणाचंतरी आहे म्हणून.”

ती स्वतःशीच हसली. थोरलीने चहा गाळला. गाळणीतून शेवटचा थेंब पडेपर्यंत ती गाळणी कपावर धरून उभी राहिली.

चहा झाल्यावर धाकटी बिल्ल्यावर नंबर कोरून आणायला निघाली. “तासाभरात येते. तोवर बाबांना भरीस घाल,” असे दारातूनच ओरडून गेली.

थोरली सिंकपाशी उभी राहिली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ती बारा वर्षांची होती. सकाळी शाळेपूर्वी पाव आणायला जाताना बर्फाच्या कारखान्यामागच्या लोखंडी कुंपणावर तिला ठिपकी दिसली होती. कुंपणाच्या सळयांना वर भाल्यासारखी टोके होती. उडी मारताना पट्टा त्यातल्या एका टोकात अडकला होता. रात्रभर तशीच असावी. अंगावर दव होते. तिने आधी पट्टा सोडवायचा प्रयत्न केला, मग तोडायचा. दोन्ही हातांनी, मग दातांनी. शिवण जागची हलली नाही. शेवटी ती दुकानात गेली, बाबांची रापी घेऊन आली आणि शिवण टाळून मधले चामडेच कापले. ठिपकीला मागच्या मोकळ्या जागेत पुरले. पट्टाही बरोबर पुरला. रापी पुसून खिळ्याला लावली, हात धुतले आणि पाव घेऊन घरी आली.

त्या दिवशी दुपारी एक गिऱ्हाईक दुकानात आले होते आणि बाबा त्याला आपल्या शिवणीबद्दल सांगत होते. जिन्यात बसून तिने ते ऐकले. तेव्हाच तिने ठरवले की हे कोणाला सांगायचे नाही. धाकटीला तर नाहीच. पण मुख्य म्हणजे बाबांना नाही. संध्याकाळी ती म्हणाली, “गेली असेल कुठेतरी. मांजरं जातात.” बाबांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिले आणि मग धाकटीला मांडीवर घेऊन दूधगाडीवाल्याची गोष्ट सुरू केली. आपण मारलेली थाप बाबांना पटली म्हणून तिला सुटल्यासारखे वाटले होते. पुढे कधीतरी बाबांनी पट्ट्याला लटकणेही सोडले. गुडघा दुखतो म्हणत. तेव्हा ते चाळिशीचेसुद्धा नव्हते.

आता सांगायलाच हवे होते. बाबांनी तसाच पट्टा केला असता आणि पुन्हा तेच घडले असते, तर या वेळी गप्प राहिलेली ती छप्पन्न वर्षांची असती. तिने मनात वाक्य तयार केले, अहवालात लिहितात तसे. काय सापडले, कुठे, कशामुळे. मग बाबांचा दुसरा चहा घेऊन ती खोलीत गेली.

बाबा टेबलाशी बसले होते. चष्म्यावर चष्मा चढवला होता. समोर बोटभर रुंदीची तपकिरी पट्टी कापून तयार होती, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. अकरा वर्षे बंद असलेले हात एवढे सरळ कापतील असे तिला वाटले नव्हते. फौजदार टेबलाच्या कोपऱ्यात, चामड्याच्या कातरणांवर बसून बघत होता.

“बाबा, हा पट्टा करू नका.”

“का?”

कप ठेवायला जागा नव्हती. तिने तो हातातच धरला. “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांग. आधी हे सांग, याचं वजन किती?”

“कोणाचं?”

“फौजदारसाहेबांचं.”

“चार किलो सहाशे. परवाच केलं.”

“मग पट्टा किती वजनाला तुटायला हवा?”

थोरलीने टेबलावर नीट पाहिले. पट्टीच्या मधोमध बाबांनी चामडे आरपार कापले होते. दोन टोके एकमेकांवर चढवून ती साध्या पांढऱ्या कापसाच्या दोऱ्याने टाचली होती. तिच्याच शिवणाच्या डब्यातली ती रीळ होती, बटणे लावायची. मेणाचा गोळा लांब, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला होता.

“निम्म्या वजनाला,” ती म्हणाली. आवाज प्रयोगशाळेतला होता, आणि तो तसाच राहिला म्हणून तिला बरे वाटले. “फार तर सव्वादोन किलो. म्हणजे तो नुसता लोंबकळला तरी सुटेल.”

“तर मग वजनं आण.”

वजने घरात नव्हती. तिने स्वयंपाकघरातून कडीचा प्लॅस्टिकचा डबा आणि खुणा असलेला मग आणला. पाणी असले की तिला वजने लागत नसत. एक लिटर म्हणजे एक किलो. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला, खाली डबा लावला आणि त्याखाली बादली ठेवली.

“डबा दोनशे ग्रॅम धरा,” ती म्हणाली आणि ओतायला लागली.

दोन लिटर झाले. अडीच. तीन. चार लिटरला डबा काठोकाठ भरला आणि पट्टा शांतपणे लटकत राहिला. फौजदार पुढे येऊन थेंब चाटून गेला.

“हात्तेच्या,” बाबा म्हणाले.

तिने टाके खिडकीच्या उजेडात धरले. “दोन सुया घातल्यात तुम्ही.”

“शक्यच नाही.”

“बघा ना.”

बाबांनी पाहिले. बराच वेळ पाहिले. “डोक्याला एक सांगितलं, हातानं दोन घातल्या.” मग त्यांनी रापी काढून तो टाका कापला. “पंचावन्न वर्षं घट्ट ओढायचं म्हणून शिकवलं त्याला. आता एका दुपारी सैल सोड म्हटलं तर ऐकतोय होय!”

दुसऱ्या वेळी त्यांनी एकच सुई घेतली. साडेतीन लिटरला टाका तटकन तुटला आणि डबा बादलीत आदळला. बोका कपाटावर पोचला.

“अजून जास्त आहे,” थोरली म्हणाली. “शेवटी उलटा टाका घेतलात. गाठ पक्की करायला.”

“घेतला का?”

“घेतलात.”

“लहानपणी एवढं लक्ष दिलं असतंस तर दुकान तुला देऊन गेलो असतो.”

“लक्षच देत होते.”

तिने फरशीवरचे पाणी पुसले. बाबांनी नवा दोरा घेतला, टोक ओठांनी ओले केले आणि सुई उजेडाकडे धरली. दोरा नेढ्याला लागून वाकला. त्यांनी पुन्हा टोक ओले केले.

“तो खड्डा उथळ होता,” ते म्हणाले.

थोरली फडके पिळत होती. तिने पिळणे थांबवले नाही. फडक्यातले सगळे पाणी गेले तरी पिळत राहिली.

“मी शोधायला गेलो होतो तिला, तू शाळेत गेल्यावर. कोळशाच्या फावड्यानं, बारा वर्षांच्या हातानं, कितीसं खणून होणार? माती वर आलेली लांबूनच दिसत होती. मी खोल केला. वरून दोन दगड ठेवले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.” दोरा नेढ्यातून गेला. “पट्टा बघितला. मधून कापला होतास.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तू बोलली नाहीस.” बाबांनी दोरा हाताभर ओढून घेतला. “संध्याकाळी बघतो, तर तू पाटी-पुस्तकं पुढे घेऊन बसलेली. आणि सांगितलंस, मांजरं जातात म्हणून. इतकं नीट लपवलं होतंस सगळं. म्हटलं, आपण ते मोडू नये.”

“मी तुमच्यासाठी—” ती म्हणाली, आणि पुढचे वाक्य तिला जमवता येईना. “तुम्ही त्या गिऱ्हाइकाला सांगत होतात. शिवणीबद्दल.”

“त्याला सांगायला हवंच होतं. घोड्याचा लगाम होता त्याचा.”

त्यांनी आरीने भोक पाडले. एक टाका, मग दुसरा. दुसऱ्या टाक्याला डावा हात सवयीने दुसरी सुई शोधायला टेबलावर सरकला. थोरलीने आपला हात त्या हातावर ठेवला आणि तो तिथेच धरून ठेवला. उजव्या हाताने बाबांनी टाका पुरा केला. गाठ मारली नाही. दोरा नुसता कापला.

“लाव,” ते म्हणाले.

तिने डबा लावला. या वेळी ती हळूहळू ओतत होती, थोडे थोडे, मगावरच्या खुणेकडे बघत. एक लिटर. दीड. बाबा खुर्चीत पुढे वाकले होते. टाक्याचा पांढरा दोरा ताणून बारीक झालेला दिसत होता.

बाहेरचे दार वाजले आणि धाकटी आत आली, गार वाऱ्याने गाल लाल झालेली, मुठीत बिल्ला.

“दहा आकडे कोरायला त्याला पाऊण तास लागला. वर मला विचारतो, मांजराला फोन कशाला.” तिने बादली पाहिली, ओली फरशी पाहिली, कपाटावरचा फौजदार पाहिला. “अगंबाई! हे काय चाललंय? परीक्षा घेताय?”

“घेतोय,” बाबा म्हणाले.

“मग? तुटत नाही ना?”

बाबांनी लटकणाऱ्या पट्ट्याकडे पाहिले. “अजून तरी नाही.”

“वाटलंच होतं! बाबांची शिवण आहे.” धाकटीने बिल्ला त्यांच्यापुढे केला. खिडकीच्या उजेडात आकडे चकाकले. “झालं तर. लावून टाका.”

बाबांनी बिल्ला घेतला नाही. त्यांनी थोरलीकडे पाहिले.

थोरलीने मग खाली ठेवला. हात फडक्याला पुसले. खुर्चीवरची चामड्याची कातरणे उचलून तिने ती टेबलावर ठेवली आणि खुर्ची धाकटीकडे वळवली.

“बस जरा,” ती म्हणाली.